गटाने डोंगरावर जाताना: अंगावर काय, पाठीवर काय

गुंजवणे गावातून चोरदरवाजाने राजगडावर चढणारी वाट सुरुवातीला फारशी अवघड वाटत नाही. झाडोऱ्यातून ती चढत राहते आणि शेवटच्या टप्प्यात एकदम उभी होते. तिथे कातळाला आधारासाठी रेलिंग लावलेले आहेत आणि एका वेळी एकच माणूस नीट चढू शकतो. वीस जणांच्या गटातल्या एकाचे बूट त्या ओल्या कातळावर सटकू लागले, तर उरलेल्यांना त्याच्यामागे अरुंद जागेत पाऊस झेलत उभे राहावे लागते. गटाने चालताना सामानाचा विचार इथूनच सुरू होतो, कारण तुमच्या पायांत आणि पाठीवर काय आहे याचा परिणाम तुमच्यापुरता मर्यादित राहत नाही.

गेली अनेक वर्षे मी नवख्या मंडळींना घेऊन सह्याद्रीत जात आहे, आणि या काळात एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकताच काळजी वाटू लागते: ‘मला वाटलं, कोणीतरी आणलं असेल.’ बारा जणांच्या गटात दोनच विजेऱ्या निघाल्या, चार जणांनी चिवड्याच्या पिशव्या आणल्या आणि पट्टी बांधायला कोणाकडेच काही नाही, असे प्रसंग या एका समजुतीतून घडतात. म्हणून पुढे जे सांगतो आहे ते एक भेद मनाशी धरून वाचावे. काही वस्तू प्रत्येकाच्या स्वतःच्या सॅकमध्ये असल्याच पाहिजेत, आणि काही वस्तू गटाच्या असतात, ज्या ठरवून वाटून घ्यायच्या असतात.

आधी चौकशी, मग सामान

ट्रेक ठरला की यादी करायला बसण्यापूर्वी गटप्रमुखाला चार गोष्टी विचाराव्यात. चाल एकूण किती तासांची आहे आणि परत पायथ्याला किती वाजता पोहोचणे अपेक्षित आहे? वाटेत आणि माथ्यावर पिण्याचे पाणी आहे का, आणि या महिन्यात ते असते का? कातळटप्पे, शिड्या किंवा घसाऱ्याची, म्हणजे सुट्या खड्यांची, उतरण आहे का? मुक्काम असेल तर तो देवळात, गुहेत, गावातल्या घरात की उघड्यावर तंबूत? या चार उत्तरांवर जवळजवळ सगळे सामान ठरते. कळसूबाईला बारी गावातून चढताना वाटेत लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे तिथे हातात पिशवी घेऊन चढणे धोक्याचे ठरते. हरिश्चंद्रगडावर पाचनईच्या सोप्या वाटेने जाणारा आणि नळीच्या अवघड वाटेने जाणारा माणूस एकाच गडावर पोहोचतो, पण दोघांची तयारी सारखी असून चालत नाही. नवख्याने नळीच्या वाटेचा विचार सध्या करूच नये.

ऋतूबद्दलही विचारावे. जून ते सप्टेंबरमध्ये अंग कोरडे राखणे हे मुख्य काम असते, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रात्रीची थंडी, आणि मार्चपासून पुढे पाणी व ऊन.

पायांपासून सुरुवात

सामानावर पैसे मोजकेच खर्च करायचे असतील तर ते बुटांवर करावेत. सह्याद्रीचा खडक काळा बेसाल्ट आहे. कोरडा असताना तो बुटाला उत्तम धरतो, पण पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढले की तोच कातळ साबणासारखा होतो. उतरणीला मुरमाड, सुट्या खड्यांचा घसारा लागतो. या दोन्ही ठिकाणी उपयोगी पडतो तो मऊ रबराचा, खोल खाचांचा तळ. रस्त्यावर धावण्यासाठी केलेल्या बुटांचा तळ गुळगुळीत व फोमचा असतो आणि महाविद्यालयात मिरवायच्या बुटांचा तळ कडक असतो. दोन्ही इथे निकामी आहेत. महागडे परदेशी बूटच हवेत असे मुळीच नाही. आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींनी वर्षानुवर्षे अ‍ॅक्शन कंपनीच्या साध्या ट्रेकिंग बुटांवर निम्मा सह्याद्री पालथा घातला आहे, आणि त्याचे कारण त्यांच्या तळाची पकड हेच होते.

घोट्यापर्यंत येणारे बूट मला नवख्यांसाठी अधिक योग्य वाटतात. दगडांवर पाय मुरगळण्याची शक्यता त्यांनी थोडी कमी होते, आणि गवतातून चालताना फुरशासारख्या जमिनीलगत राहणाऱ्या सापापासूनही पावलाला व घोट्याला आडोसा मिळतो. बूट विकत घेताना संध्याकाळी, जाड मोजे घालून घ्यावेत, कारण दिवसभराच्या वावरानंतर पाऊल किंचित फुगलेले असते आणि डोंगर उतरताना ते तसेच फुगते. पुढे अंगठ्याला बोटभर जागा राहायला हवी. ती नसेल तर उतरणीला प्रत्येक पावलागणिक नखे बुटावर आपटतात आणि दुसऱ्या दिवशी ती काळी पडलेली दिसतात. ट्रेकच्या आदल्या दिवशी पायाची नखे कापून घ्यावीत, ही सूचना लहान वाटली तरी ती पाळावी.

नवे कोरे बूट थेट डोंगरावर नेऊ नयेत. निदान दोन आठवडे ते रोजच्या चालण्यात वापरावेत. त्याच्या उलट, माळ्यावर तीन-चार वर्षे पडून राहिलेले बूटही तपासल्याशिवाय नेऊ नयेत. राजगडावरून उतरताना आमच्या गटातल्या एका सदस्याच्या अशाच जुन्या बुटाचा अख्खा तळ सुटून आला. न वापरताही तळाचा गोंद कोरडा पडतो, हे त्याला ठाऊक नव्हते. आम्ही सुतळीने तळ आणि बूट एकत्र बांधले, दर अर्ध्या तासाला ती सुतळी झिजून तुटत होती, आणि दोन तासांची उतरण चार तासांची झाली. तेव्हापासून माझ्या सॅकमध्ये चार मीटर मजबूत नायलॉनची दोरी आणि जाड चिकटपट्टी कायम असते.

मोज्यांचे दोन जोड न्यावेत: एक पायात आणि एक प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा. ओल्या सुती मोज्यांत पाऊल सुरकुतते, घासते आणि फोड येतात, म्हणून लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे बरे. टाच चुरचुरू लागली की गटप्रमुखाला थांबायला सांगून तिथेच चिकटपट्टी लावावी. संकोचापोटी तासभर तसेच चालल्यास फोड फुटतो आणि मग पुढचा सगळा दिवस लंगडण्यात जातो.

अंगावरचे कपडे

नवख्यांना सर्वांत अवघड जाते ते जीन्स घरी ठेवणे. जीन्स भिजली की जड होते, गुडघ्यात आवळते, उंच पायरीवर पाय टाकू देत नाही आणि संपूर्ण दिवसात वाळत नाही. तिच्याऐवजी पातळ, झटपट वाळणारी, गुडघ्यात सैल असणारी पूर्ण लांबीची पँट घालावी. अर्ध्या चड्डीने चालायला मोकळे वाटते, पण पावसाळ्यानंतर पुरुषभर उंच वाढलेल्या गवतातून, कारवीतून आणि करवंदीच्या जाळ्यांमधून जाताना पिंढऱ्या ओरबाडून निघतात.

सुती टी-शर्टचेही तसेच आहे. सूत घाम आणि पाणी शोषून धरते आणि वारा लागला की अंगातली ऊब ओढून घेते. माचीवर, म्हणजे गडाच्या माथ्याखालच्या सपाट भागावर, पोहोचल्यावर, चाल थांबल्यावर, भर जुलैतही दात वाजू लागतात ते याच कारणाने. पॉलिएस्टरचा खेळाडूंसारखा टी-शर्ट स्वस्तात मिळतो आणि अंगावरच वाळतो. बाह्या पूर्ण असाव्यात. ऊन, काटे आणि किडे या तिन्हींपासून त्या वाचवतात. रंग शक्यतो उठून दिसणारा असावा, कारण धुक्यात हिरवा किंवा करडा शर्ट घातलेला माणूस वीस पावलांवर दिसेनासा होतो आणि गटाच्या शेवटी चालणाऱ्याला पुढच्यांवर लक्ष ठेवावे लागते. अत्तर व सुगंधी फवारे मात्र टाळावेत. गडांच्या कड्यांवर आग्या माश्यांची मोहोळे असतात आणि उग्र वासाने त्या उठतात. याच कारणासाठी डोके व मान झाकता येईल अशी सुती ओढणी किंवा मोठा पंचा सॅकमध्ये ठेवावा. तो उन्हात टोपीखाली, थंडीत कानांना, आणि वेळप्रसंगी हात गळ्यात बांधायला झोळी म्हणूनही कामी येतो.

पावसाळी कपड्यांविषयी मतभेद आहेत, म्हणून माझे मत कारणांसह सांगतो. पूर्ण रेनकोटात चढताना आतून इतका घाम येतो की पावसाने भिजण्यात आणि घामाने भिजण्यात फारसा फरक उरत नाही. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल पावसाळी झगा, हवेशीर असतो आणि सॅकही झाकतो, पण माचीवरच्या वाऱ्यात तो तोंडावर उडतो आणि कातळटप्प्यावर पायाखाली येतो. छत्री गावातल्या रस्त्यापुरती ठीक; वर वारा ती उलटी करतो आणि हात अडकून राहतो. माझ्या मते नवख्याने टोपी असलेले, कमरेखाली येणारे एक हलके विंडचीटर, म्हणजे वारा अडवणारे पातळ जॅकेट, न्यावे, चढताना भिजणार हे स्वीकारावे आणि विंडचीटर मुख्यतः थांबल्यावर, वाऱ्यापासून बचावासाठी घालावे. आपल्या डोंगरांतले गुराखी घोंगडी आणि इरल्यावर (डोके व पाठ झाकणाऱ्या पानांच्या आच्छादनावर) पावसाळा काढत आले आहेत, आणि त्यांच्या निवडीमागचे तत्त्वही हेच आहे: ओली झाली तरी लोकर ऊब सोडत नाही, आणि पाठ उघडी पडत नाही.

मात्र अंगावरचे कपडे भिजणार असतील तर सॅकमधला एक पूर्ण जोड, आतल्या कपड्यांसह, कोरडा राहिलाच पाहिजे. तो वाटेत कितीही मोह झाला तरी काढायचा नाही. मुक्कामाच्या जागी किंवा खाली गावात पोहोचल्यावरच तो अंगावर यावा.

हिवाळ्यात चालताना एक थर पुरतो. रात्री माथ्यावर मात्र एक लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर, त्यावर वारा अडवणारे जॅकेट, कानटोपी आणि कोरडे मोजे असे सगळे लागते. हरिश्चंद्रगडावर डिसेंबरात तिथल्या कोकणकडा या उंच कड्याकडून येणारा वारा सोसला की पुण्यातली थंडी उबदार वाटू लागते. उन्हाळ्यात रुंद काठाची टोपी हवी. मान झाकणारी असल्यास उत्तम.

सॅक आणि ती भरण्याची रीत

एका दिवसासाठी २० ते ३० लिटरची सॅक पुरते, एका मुक्कामासाठी ४० ते ५० लिटरची. दोन्ही हात मोकळे राहतील अशी, पाठीला चिकटून बसणारी आणि कमरेला पट्टा असलेली सॅक घ्यावी. एका खांद्याची झोळी किंवा हातातली पिशवी कातळटप्प्यावर तोल घालवते. पाण्यासह एका दिवसाचे ओझे पाच-सहा किलोंच्या, आणि मुक्कामाचे दहा किलोंच्या आसपास राहावे. त्याहून जास्त भरत असेल तर काहीतरी अनावश्यक घेतले आहे असे समजून सॅक पुन्हा उघडावी.

झोपण्याचे हलके सामान तळाशी, पाणी व शिधा यांसारखे जड सामान मध्यभागी पाठीलगत, आणि विंडचीटर, विजेरी, खाऊ वरच्या कप्प्यात, अशी मांडणी ठेवावी. जड वस्तू बाहेरच्या बाजूला गेल्या की सॅक मागे ओढते आणि चढताना कंबर भरून येते. बाहेर डबे, मग, चपला लटकवू नयेत. त्या झाडीत अडकतात.

सॅकवर घालायचे पावसाळी आवरण पाठीकडून ओघळणारे पाणी अडवू शकत नाही. त्यामुळे सॅकच्या आत एक मोठी, जाड प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी घालावी, सगळे सामान तिच्यात भरावे आणि तिचे तोंड पिळून गाठ मारावी. हा उपाय जुना व स्वस्त आहे आणि आजवर मला त्याने दगा दिलेला नाही. मोबाइल, पाकीट आणि औषधे यांना शिवाय आपापली छोटी पिशवी असावी.

पाणी आणि खाणे

पावसाळ्यात व हिवाळ्यात दिवसाला माणशी दोन ते तीन लिटर पाणी, मार्च ते मे दरम्यान चार लिटर, असा हिशेब धरावा. एका मोठ्या बाटलीऐवजी एकेका लिटरच्या बाटल्या घ्याव्यात. एक फुटली तरी दुसरी उरते आणि किती प्यायलो हे कळते. गडावरच्या कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांवर विसंबण्यापूर्वी त्या महिन्यात पाणी असते का याची खात्री स्थानिकांकडून करून घ्यावी. टाक्यातले पाणी कपड्याने गाळून, उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकून, त्या गोळ्यांच्या पाकिटावर सांगितलेला वेळ थांबूनच प्यावे.

दुपारच्या डब्यात न सांडणारे आणि न विटणारे पदार्थ घ्यावेत: दशम्या, ठेपले, सुकी भाजी, चटणी. वाटेत खाण्यासाठी गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू. याखेरीज एका वेळेचे खाणे असे बांधून ठेवावे की जे ठरलेल्या वेळेत परतलात तर उघडायचेच नाही. उशीर झाला, कोणी जखमी झाले किंवा वाट चुकली, तर त्या खाण्याला मोल येते. घामाने क्षार जातात, म्हणून जलसंजीवनीची (ओआरएसची) दोन पाकिटे जवळ असावीत आणि ती पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळावीत.

विजेरी, शिट्टी, मोबाइल

दिवसाचा ट्रेक असला तरी प्रत्येकाकडे स्वतःची विजेरी असलीच पाहिजे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीतल्या वाटेवर त्याआधीच अंधारते. डोक्याला बांधायची विजेरी सर्वांत सोयीची, कारण उतरताना दोन्ही हात लागतात. मोबाइलचा दिवा हा तिला पर्याय नाही; तो हात अडवतो आणि नेमका मदतीसाठी फोन करण्याच्या वेळी बॅटरी संपलेली असते. विजेरीचे जादा सेल जवळ ठेवावेत.

शिट्टी अगदी स्वस्तात मिळते आणि धुक्यात माणसाच्या हाकेपेक्षा दूर ऐकू जाते. ती सॅकच्या खांदेपट्ट्याला बांधावी. निघण्यापूर्वी गटाने खुणा ठरवून घ्याव्यात: उदाहरणार्थ, एक लांब शिट्टी म्हणजे ‘थांबा’ आणि तीन लागोपाठ म्हणजे ‘मदत हवी’. खुणा सगळ्यांना पाठ नसतील तर शिट्टीचा उपयोग होत नाही, आणि गंमत म्हणून ती कोणी वाजवू नये.

डोंगरात रेंज शोधताना मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून चालताना तो विमान मोडवर ठेवावा आणि परिसराचा नकाशा आधीच उतरवून घ्यावा. आणीबाणीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. घरातले दोन फोन क्रमांक, रक्तगट आणि चालू औषधे कागदावर लिहून ती चिठ्ठी सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवावी आणि तिची जागा गटप्रमुखाला सांगावी. दमा, मधुमेह, फिट येणे किंवा माशी चावल्याने अंग सुजणे असे काही असेल तर ते लपवू नये. श्वसनाचा पंप किंवा रोजची औषधे दुसऱ्याच्या सॅकमध्ये देऊ नयेत, कारण तो दुसरा माणूस अर्धा तास पुढे निघून गेलेला असू शकतो.

गटाचे सामान

प्रथमोपचाराची मुख्य पेटी गटाची असते आणि ती शक्यतो शेवटी चालणाऱ्या अनुभवी सदस्याकडे असावी, कारण दमलेला किंवा दुखापत झालेला माणूस मागेच राहतो. तिच्यात क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्ट्या, निर्जंतुक गॉज, जंतुनाशक, चिकटपट्टी, कात्री, चिमटा आणि हातमोजे हवेतच. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे किंवा वर घट्ट आवळून बांधणे यांपैकी काहीही करायचे नसते. अंगठी, घड्याळ काढून, चावा बसलेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवून, माणसाला न चालवता शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्यायचे असते, आणि त्यासाठी याच पट्ट्या लागतात.

दोर, स्टोव्ह, पातेली, तंबू यांचे वजन करून वाटप व्हावे, आणि कोणाकडे काय आहे याची यादी निदान दोघांकडे असावी. नवख्यांनी दोर घ्यायला हरकत नाही, पण तो अनुभवी व्यक्तीने सांगितल्याशिवाय कातळावर बांधू किंवा वापरू नये. इंधन आणि काडेपेटी दोन वेगवेगळ्या सॅकमध्ये, आणि काड्यांची एक जादा पेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तिसरीकडे ठेवावी. कचऱ्यासाठी दोन मजबूत पिशव्या हे देखील गटाचे सामान आहे. त्या कोण वाहणार हे आधी ठरले नाही तर वेष्टने राजगडाच्या पद्मावती माचीवर राहून जातात, आणि ते पाहताना मला मनापासून वाईट वाटते.

मुक्कामासाठी प्रत्येकाने स्वतःची गुंडाळी चटई, ऋतूप्रमाणे चादर किंवा स्लीपिंग बॅग, आणि ताट, मग, चमचा न्यावा. चटई विसरू नये, कारण देवळाच्या दगडी फरशीवर पांघरुणापेक्षा अंथरूण जास्त ऊब राखते.

आदली रात्र आणि परतल्यावर

आदल्या रात्री सगळे सामान जमिनीवर मांडावे, यादीशी ताडून पाहावे, सॅक भरावी, बूट घालून जिना दोन-तीन वेळा चढून-उतरून पाहावा. खांद्याला काही टोचत असेल तर ते तेव्हाच कळते. सकाळी पायथ्याच्या गावात गटप्रमुखाने प्रत्येकाला विजेरी, पाणी आणि कोरडे कपडे दाखवायला सांगितले तर तो अविश्वास समजू नये. एखादी गोष्ट राहिली असल्यास ती तिथेच स्पष्ट सांगावी, कारण गावातल्या दुकानात सेल किंवा प्लॅस्टिकची पिशवी मिळू शकते. माचीवर मिळत नाही.

घरी परतल्यावर दमलेले असलात तरी बुटांतला चिखल त्याच रात्री धुवावा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि बूट उन्हाऐवजी वाऱ्यावर वाळवावेत. कडक उन्हात गोंद सुटतो. सॅक पूर्ण रिकामी करून उलटी टांगावी, विजेरीतले सेल काढून ठेवावेत, आणि प्रथमोपचाराच्या पेटीतली एखादी पट्टी जरी वापरली असेल तरी पेटी सांभाळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फोन करून कळवावे, म्हणजे पुढच्या ट्रेकला निघण्यापूर्वी ती पुन्हा भरलेली असेल.